सेलमध्ये फक्त आकडा लिहा, 'किलो' नाही

या आठवड्याच्या व्हिडिओत कोटेशनचा तक्ता करून दाखवला, पण त्यातल्या एका गोष्टीवर मला जरा सविस्तर बोलायचंय. व्हिडिओत ती दोन मिनिटांत उरकली गेली आणि ती दोन मिनिटांची नाहीये.

माझं म्हणणं सरळ आहे. एक्सेल असो, गुगल शीट्स असो, आकड्याच्या सेलमध्ये '५ किलो', '१२ फूट', '३ डझन' असं टाइप करायचं बंद करा. आजपासून. आणि त्याच वेळी, गिऱ्हाईकाला जाणाऱ्या कागदावर एकही आकडा युनिटशिवाय जाऊ देऊ नका. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. तशी ती नाहीत. हिशोब करणं वेगळं आणि हिशोब दाखवणं वेगळं. आपल्यातले बहुतेक जण या दोन्ही गोष्टी एकाच सेलमध्ये कोंबतात आणि तिथून पैसे गळायला लागतात.

आधी गळती कशी होते ते बघू. तुम्ही '५ किलो' टाइप केलं की एक्सेलच्या दृष्टीनं तो आकडा राहत नाही, ते अक्षर होतं. 'चहापत्ती' हा शब्द आणि '५ किलो' हा मजकूर त्याला सारखाच. आता त्या सेलला दरानं गुणलंत तर एक्सेल ओरडतं, व्हॅल्यू एरर देतं, तुम्ही चिडता आणि दुरुस्त करता. हे चांगलं. खरा धोका बेरजेत आहे. सम फंक्शन अशा सेलला बघून गप्प बसतं. बारा ओळींची यादी आहे, अकरा ओळींत नुसता आकडा आणि एका ओळीत घाईत '५ किलो' लिहिलं गेलं, तर सम अकरा ओळींची बेरीज काढून देतं. एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही. खाली छान टोटल दिसते. तुम्ही त्या टोटलवर माल मागवता आणि ऐन ऑर्डरच्या दिवशी पाच किलो माल कमी.

ओळखायची एक सोपी खूण आहे. तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदलली नसेल तर आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो आणि अक्षरं डावीकडे. कॉलमवर वरून खाली नुसती नजर फिरवा. एखादा आकडा डावीकडे पळालेला दिसला की समजा, हा गडी मोजणीत नाही.

आता फूट आणि इंच. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फ्लेक्सवाले, फॅब्रिकेशनवाले, पडदे शिवणारे, मॉड्युलर किचनवाले अशा सगळ्यांच्या फायलींत हे दिसतं. साइटवर टेप लावून माप घेतलं: ५ फूट १० इंच. वहीत लिहिलं ५.१०. वहीत ते बरोबर आहे, कारण वही वाचणारा माणूस आहे. त्याला कळतं की टिंबाच्या पुढे इंच आहेत. तेच ५.१० एक्सेलमध्ये गेलं की ते होतं ५.१. म्हणजे पाच पूर्णांक एक दशांश फूट. आणि गंमत बघा, ५ फूट १ इंच हे तुम्ही ५.१ लिहिता. म्हणजे कॉम्प्युटरसाठी ५ फूट १ इंच आणि ५ फूट १० इंच एकच झाले!

समजा ५ फूट १० इंच रुंद आणि १० फूट लांब असा बॅनर आहे आणि तुमचा दर आहे १५ रुपये चौरस फूट. खरं क्षेत्रफळ ५८.३३ चौरस फूट, बिल ८७५ रुपये. टिंबवाल्या पद्धतीनं ५१ चौरस फूट, बिल ७६५ रुपये. एका बॅनरमागे ११० रुपये गेले. आणि हे नेहमी तुमच्याच विरुद्ध जातं असं नाही. ३ फूट ६ इंच म्हणजे ३.५ फूट, तुम्ही ३.६ लावता. ८ फूट ३ इंच म्हणजे ८.२५, तुम्ही ८.३ लावता. इथे गिऱ्हाईकाला २८.८८ ऐवजी २९.८८ चौरस फुटांचं बिल गेलं. त्यानं मोजून बघितलं तर तो तुम्हाला चूक म्हणणार नाही. तो तुम्हाला लबाड म्हणेल.

उपाय काय? तीन कॉलम. एक फुटांचा, एक इंचांचा, आणि तिसऱ्यात फॉर्म्युला: फूट अधिक इंच भागिले १२. पहिल्या दोन कॉलमांत माणूस आकडे भरेल, तिसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. फॅब्रिकेशन आणि सुतारकामवाल्यांना सूतही लागतं. त्यांनी अजून एक कॉलम घ्यावा, कारण ८ सूत म्हणजे १ इंच. सुताला ८ नं भागून ते इंचात मिळवा आणि मग सगळ्याला १२ नं भागा. एकदा करून ठेवलं की जन्मभराचं काम झालं.

असाच घोळ वेळेचा आहे. दीड तासाचं काम १.३० असं लिहिलं आणि तासाच्या दरानं गुणलं की अर्ध्या तासातली १२ मिनिटं हवेत. एक्सेलमध्ये वेळ म्हणून १:३० असं टाकलं तर वेगळीच मजा होते. एक्सेल वेळ दिवसाच्या हिशोबात साठवतं. ८ तास म्हणजे त्याच्या लेखी एक तृतीयांश दिवस. त्याला १०० रुपये तास या दरानं गुणलं तर ८०० येत नाहीत, ३३.३३ येतात. गुणाकारात २४ घाला, मग ८०० येतील. आठवड्याची बेरीज ४५ तास असेल तर सेल २१:०० दाखवतं, कारण २४ तास झाले की ते घड्याळासारखं पुन्हा शून्यावर येतं. फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराला चौकोनी कंस लावला की पूर्ण ४५ दिसतात.

आता मुद्द्याचा गाभा. आपण प्रमाणाला युनिट लावतो, पण दरालाही युनिट असतं हे विसरतो. 'दर: १६०'. कशाचा? किलोचा, लिटरचा, नगाचा, डब्याचा? शाळेत गुणाकार करताना बाई युनिटसुद्धा गुणायला लावायच्या, आठवतंय? चौरस फूट गुणिले रुपये प्रति चौरस फूट, चौरस फूट कटले, उरले रुपये. उत्तरात नुसते रुपये उरले तर हिशोब बरोबर. दुसरं काही उरलं तर कुठेतरी घोटाळा आहे. इंजिनिअर लोक मॅथकॅडसारखं सॉफ्टवेअर वापरतात, ते हेच करतं. आकड्याबरोबर युनिटही सांभाळतं आणि किलोमध्ये मीटर मिळवायला गेलात तर नकार देतं. एक्सेलला ही अक्कल नाही. त्याला किलो कळत नाही, फूट कळत नाही, रुपयासुद्धा कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. ती अक्कल तुम्ही तक्त्याच्या मांडणीत घालायची.

फराळ, फरसाण, लोणची करणाऱ्या ताईंसाठी तेलाचं उदाहरण घेऊ. तेलाचा डबा कधी १५ किलोचा असतो, कधी १५ लिटरचा. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वरच तेल आहे, १५ किलो नाही. समजा तो डबा २,२५० रुपयांना आणला. लिटरला १५० रुपये पडले. पण तुम्ही घाण्याला तेल काट्यावर मोजून घेता, म्हणजे किलोत. किलोचा खरा दर १६४ रुपये ८४ पैसे होतो. कॉस्टिंगमध्ये १५० धरलात तर किलोमागे जवळपास १५ रुपये तुम्ही स्वतःच्या खिशातून घालताय. महिन्याला ४० किलो तेल लागत असेल तर सुमारे ५९३ रुपये. दिवाळीच्या महिन्यात किती, ते तुमचं तुम्हीच काढा.

एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये कन्व्हर्ट नावाचं फंक्शन आहे. आकडा, कुठल्या युनिटमधून, कुठल्या युनिटमध्ये, असं सांगायचं. ग्रॅमचे किलो, इंचाचे मीटर छान करून देतं. पण लिटरचे किलो करायला सांगितलं तर एरर देतं आणि ते बरोबरच आहे. लिटरचे किलो करायला वस्तू कुठली ते कळावं लागतं. शिवाय आपली बाजारातली मापं त्याला माहीत नाहीत. गुंठा, ब्रास, सूत यांचा त्याला पत्ता नाही. आणि ब्रासचं तर विचारूच नका! रेती-खडीवाला ब्रास म्हणतो तेव्हा १०० घनफूट. प्लास्टर किंवा रंगकामवाला ब्रास म्हणतो तेव्हा १०० चौरस फूट. दोघांची कोटेशनं एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या बांधकाम ठेकेदारानं नुसतं 'ब्रास' लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

म्हणून माझा सल्ला असा की फाइलमध्ये 'मापं' नावाची एक वेगळी शीट करा. १ ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट, १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, १ लिटर तेल म्हणजे ०.९१ किलो, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. जे तुमच्या धंद्यात लागतं तेवढंच. सगळे फॉर्म्युले तिथून आकडा उचलतील. फॉर्म्युल्याच्या पोटात ०.९१ लिहून ठेवू नका. सहा महिन्यांनी तो आकडा कसला, हे तुमचं तुम्हालाही आठवणार नाही.

आकड्याला युनिट न लावल्यावर काय होतं याचं जगातलं गाजलेलं उदाहरण १९८३ सालचं आहे. एअर कॅनडाचं बोईंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपलं. विमान नवीन होतं, इंधन किलोत मोजायचं होतं. इंधन भरताना लिटरचं वजन काढण्यासाठी १.७७ हा आकडा वापरला गेला. तो होता लिटरला पौंड. किलोसाठी ०.८ च्या आसपास हवा होता. त्यामुळे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन टाकीत होतं. वैमानिकांनी बंद इंजिनांचं विमान गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. गुणाकार करणाऱ्याचं गणित चुकलं नव्हतं हं. १.७७ च्या पुढे काय आहे ते पाहिलं गेलं नाही, एवढंच.

बरं, सेलमध्ये युनिट लिहायचं नाही तर मग दाखवायचं कसं? इथे कस्टम फॉरमॅट कामाला येतो. सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये कस्टमवर जा. तिथे ०.०० लिहून पुढे दुहेरी अवतरणचिन्हांत एक जागा सोडून किलो लिहा. आता सेलमध्ये ५ टाइप केलं की '५.०० किलो' दिसेल, पण आत आकडा ५ च राहील. बेरीज होईल, गुणाकार होईल. वर फॉर्म्युला बारमध्ये बघा, नुसता ५ दिसेल. गुगल शीट्समध्ये हेच फॉरमॅट, नंबर, कस्टम नंबर फॉरमॅट असं सापडतं.

पण एक धोका लक्षात ठेवा, कारण इथे लोक फसतात. फॉरमॅट म्हणजे कपडे. ५०० ग्रॅम मनात धरून तुम्ही त्या सेलमध्ये ५०० टाकलंत तर तो '५००.०० किलो' दाखवेल. फॉरमॅट काही बदलत नाही, फक्त पाटी लावतो. म्हणून एका कॉलममध्ये एकच युनिट. साहित्य ग्रॅममध्ये मोजत असाल तर पूर्ण कॉलम ग्रॅमचा. जिथे वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या मापानं जातात, उदाहरणार्थ इव्हेंटवाल्यांचं कोटेशन, खुर्च्या नगावर, मांडव चौरस फुटावर, जनरेटर तासावर, तिथे फॉरमॅटच्या भानगडीत पडू नका. प्रमाण, युनिट, दर, रक्कम असे चार कॉलम करा आणि युनिटच्या कॉलमला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे कुणी 'नग', कुणी 'नंग', कुणी 'पीस' लिहिणार नाही.

वर्डमध्ये कोटेशन करणारे अजून खूप आहेत. दिसायला छान होतं, मान्य. वर्डच्या टेबलात फॉर्म्युला टाकता येतो हे पुष्कळांना माहीत नसतं. पण तुम्ही वरचा आकडा बदललात की खालची टोटल लगेच बदलत नाही, ती निवडून एफ९ दाबावं लागतं. गिऱ्हाईक समोर बसलंय, 'दोन नग कमी करा' म्हणतंय, तुम्ही दोन नग कमी केले आणि टोटल जुनीच छापली, हे सहज होऊ शकतं. वर्डमधल्या इक्वेशनच्या सोयीचं तर नावच घेऊ नका. ती समीकरण सुंदर दाखवते, सोडवत नाही. हिशोब शीटमध्ये करा, तिथूनच पीडीएफ काढा. कॅल्क्युलेटरवर करून वर्डमध्ये टाइप करणं ही पद्धत मला मुळीच पटत नाही. आकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी हातानं नेला की चूक होण्याची एक जागा आपण स्वतः तयार करतो.

राउंडिंगवर थोडं. तीन ओळींत प्रत्येकी १० रुपये ४० पैसे आहेत. फॉरमॅट बिनपैशांचा ठेवलात तर दिसतात १०, १० आणि १०. टोटल ३१. गिऱ्हाईक तोंडी बेरीज करतं आणि विचारतं, तीस व्हायला पाहिजेत ना? रुपयाचा प्रश्न नसतो, पण त्यानंतर तो बाकीच्या ओळीही तपासायला घेतो. म्हणून रकमेच्या कॉलममध्ये राउंड फंक्शन लावा, नुसते फॉरमॅटनं पैसे लपवू नका. जे दिसतं तेच बेरजेत जायला पाहिजे. मापं मात्र मधल्या पायरीवर राउंड करू नका. ५८.३३ पुढचे आकडे आत राहू द्या, रुपयांवर आलात की मग राउंड.

यात कायद्याचाही भाग आहे, तो नव्या लोकांना कुणी सांगत नाही. वैध मापन कायदा, २००९ च्या कलम ११ नुसार भाव सांगताना, दरपत्रक लावताना, बिल देताना प्रमाणित युनिटच वापरायचं असतं, म्हणजे किलो, मीटर, लिटर. आपला अख्खा बाजार चौरस फुटावर चालतो आणि जीएसटीच्या युनिट कोडच्या यादीतसुद्धा चौरस फूट आहे, हा विनोद आपण बाजूला ठेवू. माझं मत असं की शीटमध्ये चौरस मीटरचा एक कॉलम असायलाच हवा. साइटवर फुटात मोजा, हिशोब चालू द्या, पण कागदावर मीटरमधलं माप आणि मीटरचा दर आधी येऊ द्या, फूट त्याच्या शेजारी समजण्यापुरते. 'मापं' शीट केली असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

पाकिटबंद माल विकणाऱ्यांना तर हे टाळताच येत नाही. पाकिटावर एमआरपीबरोबर युनिट सेल प्राइस द्यावी लागते. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर दर किलोला, दोन दशांश स्थळांपर्यंत. २५० ग्रॅम चिवडा ११० रुपयांना असेल तर ग्रॅमला ०.४४ रुपये. ३५० ग्रॅमचं पाकीट १२५ रुपयांना असेल तर भागाकार ०.३५७१ येतो, छापायचं ०.३६. आता तुमच्या शीटमध्ये वजन किलोत असेल आणि तुम्ही ११० ला ०.२५ नं भागलंत तर उत्तर येतं ४४०. ते ग्रॅमच्या पाटीखाली छापलं गेलं तर लेबलचा अख्खा रोल वाया. आणि ग्रॅमचं चिन्ह म्हणजे इंग्रजीतलं लहान लिपीतलं एकच अक्षर 'जी'. 'जीएम' नाही, 'जीएमएस' नाही. किलोचं 'केजी' पण लहान अक्षरांत. वजनमापेवाल्यांची नोटीस यावरूनही येऊ शकते. म्हणून डिझाइनरला व्हॉट्सॲपवर तोंडी सांगू नका, शीटमधला मजकूर जसाच्या तसा द्या.

कुणी म्हणेल, 'सर, माझा धंदा लहान, रोजची चार कोटेशनं, एवढा व्याप कशाला?' लहान आहे म्हणूनच. मोठ्या कंपनीत कोटेशन बाहेर जाण्याआधी तीन माणसं बघतात. तुमच्याकडे माप घेणारे तुम्ही, टाइप करणारे तुम्ही, पाठवणारे तुम्ही आणि तोटा सोसणारेही तुम्हीच. फॉर्म्युला बरोबर आहे की नाही ही शंका आली तर उत्तर आधीच माहीत असलेलं माप टाकून बघा. १ फूट ६ इंच गुणिले २ फूट, दर १० रुपये. उत्तर ३० आलं पाहिजे. ३२ आलं तर तुमचे इंच अजून टिंबाच्या पुढेच बसलेत.

व्हिडिओतली रिकामी फाइल आहे तशी वापरू नका. त्यात माझे दर आहेत आणि 'मापं' शीटमध्ये तेलाचा ०.९१ आहे. तुम्ही मध विकत असाल तर तो आकडा चालणार नाही. एक लिटरचं भांडं घ्या, भरा, काट्यावर ठेवा, भांड्याचं वजन वजा करा आणि जे येईल ते लिहा.